विश्लेषण : आधी कृती, मग उमेद! विल्यम जेम्स यांचे सवयींचे मानसशास्त्र आजही उपयोगी का पडते?

पहाटे उठून फिरायला जायचे, रात्री मोबाइल दूर ठेवून झोपायचे, रोज दहा पाने वाचायची. असे संकल्प बहुतेकांनी कधी ना कधी केलेले असतात. आठवडाभरात ते बारगळतात आणि खापर इच्छाशक्तीवर फुटते. सवय लागते कशी, ती मोडते का आणि मन साथ देत नसेल तेव्हा माणसाने करायचे काय, या प्रश्नांचा शास्त्रीय अंगाने विचार करणाऱ्या सुरुवातीच्या अभ्यासकांत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स (१८४२-१९१०) यांचे स्थान मोठे आहे. अमेरिकी मानसशास्त्राचे जनक म्हणून ते ओळखले जातात. मात्र सवयींवर लिहिण्याच्या कितीतरी आधी, तिशीही गाठलेली नसताना, हाच माणूस नैराश्याने इतका खचला होता की जगावे की नाही, असा प्रश्न त्याला पडला होता. त्यांचा सल्ला समजून घ्यायचा तर तो काळ आधी समजून घ्यावा लागतो.

विल्यम जेम्स कोण होते?

जेम्स यांचा जन्म ११ जानेवारी १८४२ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. आजोबांनी व्यापारात मोठी संपत्ती कमावली होती. त्यामुळे वडील हेन्री जेम्स (थोरले) यांना पोटासाठी नोकरी करावी लागली नाही. धर्म आणि तत्त्वज्ञान यांत रमलेल्या या गृहस्थांनी मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंबाला अमेरिका आणि युरोप यांच्यात अनेकदा फिरवले. पाच भावंडांत विल्यम थोरले. त्यांच्या पाठचे हेन्री जेम्स पुढे थोर कादंबरीकार झाले, तर बहीण ॲलिस हिची रोजनिशी आजही वाचली जाते.

या मोकळ्या वाढण्याचा एक तोटा झाला. नेमके काय करायचे, हेच विल्यम यांना ठरवता येईना. अठराव्या वर्षी त्यांनी न्यूपोर्ट येथे विल्यम मॉरिस हंट या चित्रकाराकडे चित्रकला शिकायला सुरुवात केली आणि वर्षभरात ती सोडली. १८६१ मध्ये हार्वर्डमध्ये रसायनशास्त्र घेतले. तिथून ते शरीरशास्त्राकडे आणि १८६४ मध्ये वैद्यकीय शिक्षणाकडे वळले. ते अर्धवट ठेवून १८६५ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासी यांच्या मोहिमेबरोबर ब्राझीलला, ॲमेझॉनच्या खोऱ्यात गेले. तिथे देवीच्या सौम्य स्वरूपाच्या आजाराने त्यांना गाठले. नमुने गोळा करत हिंडणे हे आपले काम नव्हे, एवढे मात्र त्या प्रवासात त्यांना कळून चुकले.

तिशीच्या उंबरठ्यावर काय घडले?

परतल्यावर पाठदुखी, डोळ्यांचा त्रास, निद्रानाश आणि उदासी यांनी त्यांना घेरले. उपचार आणि अभ्यास असे दोन्ही साधावे म्हणून १८६७ मध्ये ते जर्मनीला गेले. मनाचा अभ्यास शरीरशास्त्राच्या पद्धतीने करण्याचे प्रयत्न तिथे सुरू झाले होते. त्या नव्या विषयाची ओढ त्यांना इथेच लागली, पण तब्येत सुधारली नाही. या वर्षांतल्या पत्रांत आत्महत्येच्या विचारांचा उल्लेख येतो. १८६९ मध्ये ते डॉक्टर झाले. त्यांनी वैद्यकीचा व्यवसाय मात्र कधीच केला नाही. पदवी हातात आणि पुढे अंधार, अशा अवस्थेत ते आईवडिलांच्या घरी दिवस काढत होते.

मार्च १८७० मध्ये त्यांची लाडकी आतेबहीण मिनी टेम्पल क्षयाने वारली. याच सुमाराच्या वर्षांत एका संध्याकाळी त्यांना भीतीचा जबरदस्त झटका आला. मनोरुग्णालयात पूर्वी पाहिलेला, तासन्‌तास निश्चल बसून राहणारा एक तरुण रुग्ण त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. आपणही उद्या असेच होऊ शकतो, या विचाराने त्यांचा थरकाप उडाला. पुढे कितीतरी दिवस त्यांना एकटे राहणे अवघड जात होते. १९०२ च्या ग्रंथात त्यांनी हा अनुभव एका फ्रेंच गृहस्थाचा म्हणून छापला. तो स्वत:चाच असल्याचे त्यांनी नंतर ग्रंथाच्या अनुवादकाला कळवले.

त्यांच्या त्रासाला विचारांचीही एक बाजू होती. त्या काळच्या विज्ञानाचा कल माणसाला यंत्र मानण्याकडे होता. आपला प्रत्येक विचार आणि प्रत्येक कृती मेंदूतील घडामोडींनी आधीच ठरलेली असेल, तर धडपड करण्याला अर्थ काय? निराश मनाला हा प्रश्न अधिकच खोल ओढत होता.

१८७० च्या त्या नोंदीत काय होते?

३० एप्रिल १८७० रोजी जेम्स यांनी रोजनिशीत एक नोंद केली. मानसशास्त्राच्या इतिहासात ती प्रसिद्ध आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ शार्ल रनूव्हिए यांचा एक निबंध त्यांनी नुकताच वाचला होता. मनात अनेक विचार येऊ शकत असताना त्यांतला एक निवडून तो धरून ठेवता येणे म्हणजे इच्छास्वातंत्र्य, अशी रनूव्हिए यांची व्याख्या होती. ती चुकीची ठरवण्याचे कारण जेम्स यांना दिसेना. त्यांनी ठरवले, की माणसाला इच्छास्वातंत्र्य आहे असे मानून चालायचे आणि हे मानणे हीच त्या स्वातंत्र्याची पहिली कृती समजायची.

नोंदीचा पुढचा भाग कमी सांगितला जातो, पण तोच अधिक व्यवहारी आहे. वर्षअखेरपर्यंत नुसता काथ्याकूट बंद ठेवायचा आणि कृतीवर भर द्यायचा, असे त्यांनी स्वत:ला बजावले. शिस्तीच्या छोट्या सवयी लागल्याशिवाय मोठी कामे हाती येत नाहीत आणि कंजूष माणूस दाणा दाणा साठवतो तशी निश्चयाची एकेक कृती साठवावी लागते, असा तो विचार होता. वीस वर्षांनी लिहिलेल्या सवयींवरील प्रकरणाचे बीज इथे आहे.

मग एका दिवसात सारे पालटले का?

नाही. ही कथा चमत्कारासारखी सांगितली जाते, पण प्रत्यक्षात घडले ते संथपणे. पुढची दोन वर्षेही चढउतारांतच गेली. १८७२ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी त्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवण्याचे काम देऊ केले. हेच एलियट एकेकाळी त्यांचे रसायनशास्त्राचे शिक्षक होते. १८७३ पासून जेम्स वर्गावर जाऊ लागले आणि त्याच वसंत ऋतूत मुलाची उमेद परतल्याचे वडिलांनी पत्रात नोंदवले. ठरलेल्या वेळी उठायचे, तयारी करायची, विद्यार्थ्यांसमोर उभे राहायचे. या रोजच्या बांधिलकीने जे केले, ते कितीतरी महिन्यांच्या आत्मपरीक्षणाने झाले नव्हते. तरीही त्याच वर्षी तब्येतीसाठी त्यांना पुन्हा काही महिने युरोपात काढावे लागले. नीट घडी बसायला १८७४ उजाडले.

१८७५ मध्ये त्यांनी हार्वर्डमध्ये मानसशास्त्राचा वर्ग आणि लहानशी प्रयोगाची खोली सुरू केली. स्वत: त्यांनी हा विषय वर्गात बसून कधी शिकलेला नव्हता, कारण तो शिकवणारे कोणी नव्हतेच. १८७८ मध्ये ॲलिस गिबन्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी हेन्री होल्ट या प्रकाशकाशी मानसशास्त्राच्या पुस्तकाचा करार झाला. पुस्तक दोन वर्षांत द्यायचे होते. ते हाती आले १८९० मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी!

सवयींविषयीचे चार नियम कोणते?

‘द प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी’ हा दोन खंडांचा, सुमारे १४०० पानांचा ग्रंथ. त्यातले सवयींवरील प्रकरण सर्वांत लोकप्रिय ठरले. कागदाला एकदा घडी पडली की पुढच्या वेळी तो तिथेच सहज दुमडतो, तसेच मज्जासंस्थेचे असते, असे जेम्स यांनी मांडले. एखादी गोष्ट अंगवळणी पडली की ती करायला विचार खर्चावा लागत नाही आणि तो विचार महत्त्वाच्या कामासाठी मोकळा राहतो. कधी उठायचे, काय प्यायचे, काम कधी सुरू करायचे, हे ज्याला रोज नव्याने ठरवावे लागते त्याच्याइतका दु:खी माणूस नाही, असे त्यांचे मत होते. कित्येक वर्षे काहीच न ठरवता आलेल्या माणसाचे हे मत आहे, हे लक्षात घेतले की त्याचे वजन कळते.

त्यांनी सांगितलेले नियम थोडक्यात असे. पहिला, नवी सवय दणक्यात सुरू करावी. चार लोकांना सांगावे, जुन्या वाटेवर परतणे अवघड होईल अशी व्यवस्था करावी. दुसरा, सवय रुजेपर्यंत एकही सुट्टी घेऊ नये. लोकरीचा गुंडा हातातून एकदा पडला की गुंडाळलेले कितीतरी वेढे सुटतात, तसे होते. हे दोन नियम आपण स्कॉटिश विचारवंत अलेक्झांडर बेन यांच्याकडून घेतले, हे जेम्स यांनी मोकळेपणाने सांगितले आहे. तिसरा, संकल्प केल्यावर मिळेल त्या पहिल्या संधीला तो अमलात आणावा. नाटकातल्या दु:खाने रडणारी आणि बाहेर थंडीत गारठलेल्या आपल्या गाडीवानाला विसरणारी श्रीमंत बाई हे त्यांनी दिलेले उदाहरण. भावना दाटून यावी आणि हातून काहीच घडू नये, हीसुद्धा एक सवयच होऊन बसते. चौथा, रोज एखादी छोटीशी नावडती गोष्ट मुद्दाम करावी. विम्याच्या हप्त्यासारखी ती कठीण प्रसंगी कामी येते.

मूड येण्याची वाट पाहावी का?

१८८४ मध्ये जेम्स यांनी भावनांविषयी एक धाडसी मत मांडले. अस्वल दिसले, भीती वाटली, म्हणून आपण पळालो, असा आपला समज असतो. जेम्स यांच्या मते शरीर आधी प्रतिसाद देते आणि त्या शारीरिक बदलांची जाणीव म्हणजेच भीती. डॅनिश वैद्य कार्ल लांग यांनीही स्वतंत्रपणे असेच म्हटल्याने हा विचार जेम्स-लांग सिद्धान्त म्हणून ओळखला जातो. यातून त्यांनी व्यवहारासाठी सूत्र काढले. भावनेवर हुकूम चालत नाही, पण हातापायांवर चालतो. म्हणून उत्साह वाटेपर्यंत थांबण्यापेक्षा उत्साही माणूस जे करील ते करायला लागावे. भावना मागून येण्याची शक्यता त्याने वाढते.

लक्ष आणि अपेक्षा यांबद्दल जेम्स काय सांगतात?

मोबाइलच्या काळात त्यांचे लक्षाविषयीचे प्रकरण विशेष लागू पडते. इंद्रियांपुढे हजार गोष्टी येतात, पण आपण ज्यांकडे लक्ष देतो त्यांचाच आपला अनुभव बनतो. थोडक्यात, लक्ष कुठे जाते यावर आयुष्य कसे जाते हे ठरते. भरकटलेले लक्ष पुन:पुन्हा जागेवर आणता येणे हे त्यांच्या मते विवेक, चारित्र्य आणि इच्छाशक्ती या तिन्हींचे मूळ. असे लक्ष परत आणायला शिकवणारे शिक्षण सर्वश्रेष्ठ, पण ते द्यायचे कसे हे सांगणे कठीण, हेही त्यांनी मान्य केले.

आत्मसन्मानाचे त्यांचे गणित तर शाळकरी मुलालाही समजेल असे आहे. यशाला अपेक्षांनी भागले की जे उरते तो आपला आत्मसन्मान. तो वाढवायचा तर यश वाढवता येते किंवा अपेक्षा कमी करता येतात. आपल्यापेक्षा कोणाला मानसशास्त्र जास्त येत असेल तर आपल्याला बोचते, ग्रीक भाषा जास्त येत असेल तर काहीच वाटत नाही, असे स्वत:चेच उदाहरण त्यांनी दिले. सर्वच मैदानांत जिंकण्याचा हट्ट सोडणे म्हणजे हार नव्हे, तर मोठी सुटका असते.

या सल्ल्यांबद्दल आजचे संशोधन काय सांगते?

बरेचसे टिकले, काही दुरुस्त झाले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजच्या एखाद्या ठरावीक प्रसंगी, उदाहरणार्थ न्याहारीनंतर, एक नवी गोष्ट करायला सांगून १२ आठवडे पाहणी केली. २००९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. कृती आपोआप होऊ लागायला साधारण ६६ दिवस लागतात, पण हा काळ माणसागणिक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलू शकतो, असा अंदाज त्यातून निघाला. म्हणजे २१ दिवसांत सवय लागते या समजाला आधार नाही. याच पाहणीत एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही दिसले. जेम्स यांचा एकही सुट्टी नको हा नियम इथे सैल करावा लागतो. एक दिवस चुकला म्हणून संकल्प सोडून देणाऱ्यांसाठी ही मोलाची गोष्ट आहे.

अमुक झाले की मी तमुक करीन, अशी वेळ व जागा बांधलेली योजना पाळली जाण्याची शक्यता जास्त असते, हे पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनाने दाखवले. चहाचा कप खाली ठेवला की औषधाची गोळी, असे ते बांधून घ्यायचे.

कृतीमागून भावना येते या मताची कथा गुंतागुंतीची आहे. दातांत पेन धरून चेहरा हसरा केल्यास विनोद अधिक मजेशीर वाटतात, हा १९८८ चा गाजलेला प्रयोग २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी पुन्हा केला, तेव्हा तो परिणाम आढळला नाही. पुढे २०२२ च्या अनेक देशांतील अभ्यासात हसरा चेहरा करण्याचा परिणाम दिसला, पण अगदी थोडा. खोटे हसून दु:ख पळत नाही, हे स्पष्ट आहे. प्रत्यक्ष कामाला लागण्याबाबत मात्र पुरावा भक्कम आहे. नैराश्याच्या रुग्णाला अर्थपूर्ण छोट्या कृतींचे वेळापत्रक आखून देण्याची ‘बिहेवियरल ॲक्टिव्हेशन’ ही पद्धत आज मान्यताप्राप्त आहे. नील जेकबसन आणि सहकाऱ्यांच्या १९९६ च्या अभ्यासात तिचा परिणाम विचार बदलण्यावरही भर देणाऱ्या पूर्ण उपचाराइतकाच आढळला. ही पद्धत जेम्स यांच्यापासून थेट आलेली नाही, पण दिशा तीच आहे.

जेम्स यांच्या मर्यादा कोणत्या?

तिशीनंतर स्वभाव घट्ट होतो, हे त्यांचे मत नंतरच्या अभ्यासांत टिकले नाही. स्वभावात पुढेही बदल होत राहतात. काही महिने युरोपात विश्रांती घेण्याची सोय घरच्या पैशामुळे होती, हेही विसरता येत नाही. १८८५ मध्ये त्यांचा हर्मन हा तान्हा मुलगा दगावला. त्या सुमारास त्यांनी मृतांशी संवाद साधण्याचा दावा करणाऱ्यांची तपासणी सुरू केली आणि ती आयुष्यभर चालू ठेवली. त्यावर सहकाऱ्यांनी टीका केली. जेम्स यांना मात्र कोणताही मानवी अनुभव न तपासता फेटाळणे अवैज्ञानिक वाटे. स्वामी विवेकानंदांनी १८९६ मध्ये हार्वर्डमध्ये व्याख्यान दिले होते. ‘द व्हरायटीज ऑफ रिलिजस एक्सपिरियन्स’ या १९०२ च्या ग्रंथात जेम्स यांनी योग आणि वेदान्ताची चर्चा करताना विवेकानंदांच्या लेखनाचा आधार घेतला, तो याच वृत्तीतून.

आपल्या शास्त्राची हद्दही त्यांनी ओळखली होती. शिक्षकांसाठी १८९२ पासून दिलेल्या व्याख्यानांचे पुस्तक १८९९ मध्ये निघाले. मानसशास्त्र हे शास्त्र आहे आणि शिकवणे ही कला, त्यामुळे शास्त्रातून शिकवण्याची तयार कृती मिळणार नाही, असे त्यांनी त्यात आरंभीच सांगून टाकले.

अखेरपर्यंत ते पूर्ण बरे झाले का?

निद्रानाश, थकवा आणि उदासीचे झटके त्यांना आयुष्यभर येत राहिले. १८९८ मध्ये ॲडिरोंडॅक डोंगरात फिरताना त्यांच्या हृदयावर ताण आला आणि ते दुखणे कायमचे जडले. तरीही त्यानंतरच्या बारा वर्षांत त्यांनी एडिनबरोत गाजलेली व्याख्याने दिली आणि ‘प्रॅग्मॅटिझम’ (१९०७) लिहिले. १९०९ मध्ये क्लार्क विद्यापीठात त्यांची सिग्मंड फ्रॉइड यांच्याशी भेट झाली. दोघे चालत असताना जेम्स यांच्या छातीत कळ आली. त्यांनी हातातली बॅग फ्रॉइड यांच्याकडे दिली, त्यांना पुढे जायला सांगितले आणि कळ ओसरल्यावर ते स्वत: मागून गेले. ते धैर्य फ्रॉइड विसरले नाहीत. २६ ऑगस्ट १९१० रोजी न्यू हॅम्पशायरमधील चोकोरुआ येथील घरी जेम्स यांचे निधन झाले.

त्यांच्या आयुष्यातून घ्यायचे ते एवढेच, की बरे वाटल्यावर सुरुवात करू असे म्हणत बसण्यापेक्षा आज जमेल तेवढे एक काम ठरलेल्या वेळी करावे, चुकले तर उद्या पुन्हा करावे. मात्र उदासी आठवडे टिकली, झोप-भूक गेली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर सवयींचे नियम पुरे पडत नाहीत. जेम्स यांच्या काळात नसलेले उपचार आज उपलब्ध आहेत. अशा वेळी घरच्यांशी बोलावे, डॉक्टरांना भेटावे किंवा केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तिथे मोफत समुपदेशन मिळते.